पहिल्या दिवसाचा खण

लॅपटॉपच्या पोटातून टक-टक असा आवाज यायला लागला, तेव्हा ज्योत्स्नाबाईंना वाटलं पाल चुकचुकतेय. झाडू घेऊन त्यांनी कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं आणि शेवटी टेबलावरच्या त्या जाडजूड यंत्राला कान लावला. आवाज तिथूनच येत होता. तेवढ्यात त्याच यंत्रातून त्यांच्या नवऱ्याचा, प्रल्हादरावांचा आवाज आला, “ज्योत्स्ना, चहा छान झालाय.”

चहाचं आधण अजून गॅसवर चढायचं होतं.

खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत बसलेल्या प्रल्हादरावांनी डोळे मिटून घेतले. डोक्याला गुंडाळलेला पट्टा नेहमीच्या जागी होता, वायर नीट होती. “ज्योत्स्ना, चहा छान झालाय,” यंत्र पुन्हा म्हणालं.

प्रल्हाद भंगाळे म्हणजे चौतीस वर्षं गाड्या हाकलेला ड्रायव्हर. भुसावळच्या रेल्वे वस्तीत एके काळी त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायची कुणाची टाप नव्हती. वरणात मीठ कमी पडलं तर आळीभर कळायचं. दहा वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. समजत सगळं होतं. मेंदूत वाक्य जुळत होतं, पण ते जिभेपर्यंत न्यायचा रस्ता खचला होता. डाव्या हाताला कंप, त्यामुळे लिहिण्याचाही प्रश्न मिटला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. पुढच्या वर्षी ज्योत्स्नाबाईंच्या भावानं कुठून तरी हा पट्टा शोधून आणला.

पट्ट्याची करामत अशी : माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा ओठ-जीभ हलवायचे हुकूम मेंदूतून निघतात. जीभ ऐको न ऐको, हुकूम निघतातच. पट्टा ते टिपतो. पण कवटीच्या बाहेरून टिपणं म्हणजे बंद दाराआडचं बोलणं ऐकणं; एक शब्द कळणार, चार निसटणार. निसटलेलं यंत्रानं अंदाजानं भरायचं. अंदाजासाठी त्याला माणूस ठाऊक हवा, म्हणून पट्टा बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी प्रल्हादरावांच्या फोनमधले सात वर्षांचे आवाजी निरोप त्याला ऐकवले. त्यात निम्म्या शिव्या होत्या, ती गोष्ट वेगळी. यंत्र पडद्यावर तीन वाक्यं दाखवायचं. त्यातलं बरोबर असेल त्याचं बटण कुणीतरी दाबायचं, की ते वाक्य प्रल्हादरावांच्या आवाजात बाहेर पडायचं. आणि प्रत्येक बटणागणिक यंत्र शिकायचं, की हा माणूस असा बोलतो.

बटण सहा महिन्यांनी रुग्णाच्या हाती द्या, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. सुरुवातीला ते शक्यच नव्हतं. प्रल्हादरावांना ‘हो’ म्हणायचं असलं तरी मान आडवी हलायची. असा घोटाळा या आजारात होतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून बटणाशी ज्योत्स्नाबाई बसल्या. आणि त्या बसल्या त्या बसल्याच. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्यानं त्याचा रंग पुकारतो आणि शेजारचा असिस्टंट तोच रंग परत पुकारतो. दोघांनी म्हटला तरच तो खरा. प्रल्हादरावांनी ही शिस्त घरातही आणलेली. त्यांनी “गॅस बंद” म्हटलं की बायकोनं “गॅस बंद” म्हणायचं, “कुलूप लावलं” की “कुलूप लावलं”. तीस वर्षं नवऱ्याचं बोलणं परत पुकारणाऱ्या बाईला बटण दाबणं हे आपलंच काम वाटलं, यात नवल ते काय? पुढे कंपनी बुडाली, पुस्तिका माळ्यावर गेली आणि बटण ज्योत्स्नाबाईंपाशी राहिलं.

जामनेर रोडवर रुबिना तडवीचं दुकान होतं. बंद पडलेल्या कंपन्यांची यंत्रं जिवंत ठेवण्यात तिचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. चाळिशीची, चष्मा कपाळावर चढवलेली, बोलताना हातातला स्क्रू-ड्रायव्हर हलवत राहणारी. तिनं लॅपटॉप कानाशी धरला.

“काकू, ही शेवटच्या घटका मोजून राहिली. बटण न दाबता यंत्र बोललं ते त्यामुळेच. जुन्या पद्धतीची फिरती डिस्क आहे. आत तबकडी गरगर फिरते, वर बारीकशी सुई. तुमच्या पट्ट्याच्या नोंदी रोजच्या ढीगभर, म्हणून कंपनीनं स्वस्तातली अन् मोठी टाकून दिली. मी सगळं नव्या डिस्कवर नेते. तिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसती चिप.”

“जसंच्या तसं जाईल ना गं?”

“खण बघावे लागतील.” रुबिनानं बोटानं टेबलावर चौकोन काढला. “डिस्क म्हणजे कपाट समजा. एका खणात यंत्राचा कारभार. दुसऱ्यात काकांचं नऊ वर्षांचं शिकलेलं. तिसरा लपलेला, तुम्हाला पडद्यावर दिसणारही नाही. रिकव्हरी पार्टिशन. काकांचे जुने निरोप ऐकून यंत्र तुमच्या घरी पहिल्या दिवशी सुरू झालं तेव्हा जसं होतं, तसंच्या तसं त्यात मिटून ठेवलेलं असतं. नवी डिस्क लहान पडली की पुष्कळ जण तो खण टाकून देतात. मी नाही टाकत. अडीनडीला तोच उपयोगी पडतो.”

“टाकून दे,” ज्योत्स्नाबाई एकदम म्हणाल्या.

“का हो?”

“जुनं कशाला सांभाळायचं उगीच?” त्यांनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. रुबिनानं चष्मा नाकावर घेऊन त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

पहिल्या दिवसाच्या त्या प्रल्हादरावांना ज्योत्स्नाबाई भीत होत्या. त्याला कारण होतं हर्षल, त्यांचा एकुलता एक मुलगा. तोही बापामागोमाग ड्रायव्हर झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्या हातून लाल सिग्नल तुटला. गाडी दीडशे मीटर पुढे जाऊन थांबली. समोरून काही येत नव्हतं, कुणाला खरचटलंही नाही, पण नोकरी गेली. चौकशीच्या वेळी बापानं शब्द टाकला नाही. उलट सांगितलं, “लाल तोडणारा माणूस माझ्या घरात नको.” पोरगा बॅग घेऊन निघून गेला आणि वर्षभरानं प्रल्हादरावांना झटका आला.

पट्टा आल्यावर चौथ्या महिन्यात हर्षलनं आईला फोन केला, “मी येऊ का?” ज्योत्स्नाबाईंनी नवऱ्याला विचारलं. पडद्यावर तीन वाक्यं आली. वर होतं, ‘त्याला येऊ नको म्हण.’ त्याच्यापुढे यंत्राची खात्री, शंभरात सत्तर. तिसऱ्या ओळीत होतं, ‘ये म्हण त्याला.’ शंभरात अकरा. ज्योत्स्नाबाईंनी तिसरं दाबलं.

त्या दिवसापासून लाल दिसला तरी त्या हिरवा पुकारत राहिल्या. शिवी आली तर तिच्याखालचं वाक्य, कुरकुर आली तर तिच्याखालचं. यंत्र हुशार, वर्षभरात ते शिव्या सुचवेनासं झालं. जन्मभर ‘अगं ए’ म्हणणारा नवरा ‘ज्योत्स्ना’ म्हणायला लागला. शेजारपाजारचे म्हणायचे, आजारानं माणूस किती मऊ झाला बघा! हर्षल सावद्याला केळीच्या पॅकिंग हाउसमध्ये सुपरवायझर झाला होता. तो दर शनिवारी यायचा आणि बापाची दाढी करायचा. “ये, बैस. बरा आहेस ना?” यंत्र म्हणायचं. नऊ वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता. फक्त मागच्या महिन्यात हर्षल आईला हळूच म्हणाला होता, “नाना हल्ली तेच तेच बोलतात, नाही का?”

यंत्र रुबिनाकडे ठेवून ज्योत्स्नाबाई घरी आल्या आणि घर एकदम गप्प झालं. नवऱ्याला काय हवं-नको ते कळेना. दुपारी तीन वाजता त्यांनी सवयीनं चहा पुढे आणला. प्रल्हादरावांनी डावा हात पुढे केला. कप घेण्यासाठी नव्हे. त्यांनी बायकोचा पंजा धरला आणि अंगठ्यानं दोनदा दाबला.

“काय? चहा नको?”

एकदा दाबला.

“म्हणजे एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही?”

एकदा.

ज्योत्स्नाबाईंनी त्यांची परीक्षाच घेतली. आज बुधवार का? दोनदा. मंगळवार? एकदा. माझं माहेर फैजपूरचं? एकदा. मी तुमच्यापेक्षा मोठी? दोनदा, आणि ओठाचा डावा कोपरा जरा हलला. हो आणि नाही यांचा घोटाळा कधीच सुटला होता. कधी सुटला हे कुणी विचारलंच नव्हतं.

“मग तीनचा चहा...” त्या चाचरत म्हणाल्या, “तुम्हाला कधीपासून नको होता?” हे हो-नाहीत बसण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं, “वर्षभर?” एकदा. “पाच वर्षं?” एकदा. “पहिल्यापासून?”

अंगठा बराच वेळ तसाच दाबलेला राहिला.

ज्योत्स्नाबाईंना हसू आलं आणि त्या हसता हसताच रडायला लागल्या. रोज तीन वाजता हा माणूस नको असलेला चहा प्यायला होता आणि वर त्याच्याच आवाजात ‘छान झालाय’ असं ऐकत होता. हर्षलबद्दल विचारावं असं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण धीर झाला नाही. दोनदा दाबलं तर?

गुरुवारी रुबिनानं बोलावून घेतलं.

“काकू, नकल त्रेसष्ट टक्क्यांवर अडकली. दुसरा खण जागोजागी खराब झालाय, सुई तिथं टेकतच नाही. जेवढं वाचलं तेवढं जोडून मी यंत्र चालू करू शकते. बोलेल. छान झालाय, बरं आहे, ये, बैस. रोजचं सगळं बोलेल.” तिनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “पण मी नोंदी बघितल्या. बघायला नको होत्या, पण दुरुस्तीसाठी उघडाव्या लागतात.”

“काय आहे त्यात?”

“यंत्र दोन गोष्टी तोलतं. एक, पट्ट्याकडून आत्ता काय आलं. दुसरं, हा माणूस नेहमी काय बोलतो. दुसरं पारडं जड होत गेलं की पहिल्याकडे लक्ष कमी. पहिल्या वर्षी ते काकांचं शंभरातलं साठ ऐकत होतं. आता चार ऐकतं.”

“चार?”

“साठाचे पन्नास झाले असते तर मी काही म्हटलं नसतं. शंभराला चार, काकू. बाकीचं ते आपल्या मनानंच बोलून राहिलं. काकांनी काहीही मनात आणलं तरी ते ‘छान झालाय’च म्हणणार.”

ज्योत्स्नाबाई स्टुलावर बसल्या. आपण नवऱ्याला गोड केलं असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. खरं तर त्या खुर्चीत एक माणूस बसला होता, त्याच्या तोंडासमोर त्याच्याच आवाजात भलतंच कुणी बोलत होतं आणि त्याला ते मुकाट ऐकावं लागत होतं. आपण हे केलं, आपल्या हातानं केलं. त्यांनी रुबिनाला सगळं सांगून टाकलं, सत्तर आणि अकरासकट.

रुबिनानं पाण्याची बाटली पुढे केली. “माझ्या मुलाचं असतं तर मी पण तिसरंच दाबलं असतं,” ती म्हणाली. “तो लपलेला खण चांगला आहे. एक ओरखडा नाही त्याच्यावर. तुम्ही म्हणालात तरी मी टाकला नव्हता. तो नव्या डिस्कवर बसवला की यंत्र पहिल्या दिवसासारखं कोरं होईल. ऐकणं पुन्हा पहिल्यासारखं. बटण मात्र काकांच्या अंगठ्याला बांधायचं. तिन्ही वाक्यांतलं काही नको असलं तर ‘यातलं नाही’ आहे, अन् यंत्राला सुचतच नाही असं काही असलं तर अक्षर अक्षर जोडायचं. मेहनत आहे, पण होतं.”

“आणि दुसरा खण?”

“दोन्ही एकत्र नाही चालणार. कोणता बसवू?”

“ते त्यांनाच विचारते. परवा शनिवार आहे, हर्षल येईल,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. रुबिनाला त्याचा अर्थ कळला.

घरी येऊन त्या नवऱ्यासमोर पाटावर बसल्या आणि काहीही न लपवता बोलल्या. कोणतं बटण कधी दाबलं, का दाबलं, यंत्र आता किती ऐकतं, सगळं. प्रल्हादरावांचा चेहरा अर्धाच हलायचा, त्यामुळे त्यावर काही वाचता येईना. “पहिल्यापासून सुरू करायचं? तुम्ही म्हणाल ते. मी मध्ये येणार नाही.”

अंगठा एकदाच दाबला गेला, आणि इतक्या जोरानं की त्यांचं बोट दुखलं.

शनिवारी सकाळी रुबिना स्वतः यंत्र घेऊन आली. टक-टक गेली होती. यंत्र चालू आहे की बंद हेही कळत नव्हतं. तिनं प्रल्हादरावांच्या अंगठ्याला कळ बांधली, पट्टा चढवला, दोनदा तपासलं आणि “मी निघते काकू, हे तुमचं घरचं आहे,” म्हणून चहाही न घेता गेली. दहा वाजता हर्षल आला. आईनं दारातच त्याला सगळं सांगितलं. त्याला कळू न देण्याची आता सोयच नव्हती.

हर्षल पायरीवरच थांबला. “म्हणजे ये म्हणालेच नव्हते कधी?”

“नव्हते,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “मी म्हणाले होते.”

तो परत फिरेल असं त्यांना वाटलं. पण तो आत आला, नेहमीच्या जागेवरून वस्तरा आणि साबणाची वाटी काढली, टॉवेल बापाच्या गळ्याशी खोचला आणि ब्रश फिरवायला लागला. पडद्यावर तीन वाक्यं उमटली.

‘हा इथे कशाला आलाय?’

‘याला बाहेर काढ.’

‘ये.’

तिघांनीही ती वाचली. हर्षलचा ब्रश गालावर थांबला. ज्योत्स्नाबाईंचा हात आपोआप टेबलाकडे निघाला होता. त्यांनी तो पदरात गुंडाळून घट्ट धरला.

अंगठा हलला. ‘यातलं नाही.’

पुन्हा तीन वाक्यं. पुन्हा ‘यातलं नाही’. असं सात-आठ वेळा झालं. मग पडद्यावर बाराखडी आली. एकेक अक्षरावरून चौकोन सरकायचा, हव्या त्या अक्षरावर आला की अंगठा दाबायचा. कंपानं दोनदा चुकीचं अक्षर लागलं, पुसलं गेलं, पुन्हा सुरुवात झाली. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला. हर्षलनं टॉवेलनं तो टिपला नाही, बसूनच राहिला. वीस मिनिटांनी यंत्र प्रल्हादरावांच्या आवाजात म्हणालं, “मीही लाल तोडला होता.”

चौकोन पुन्हा सरकायला लागला.

“तुझ्या जन्माच्या साली.”

आणि बऱ्याच वेळानं, “असिस्टंटनं झाकलं.”

ज्योत्स्नाबाईंना हे ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं, कुठल्या फोनच्या निरोपात नव्हतं, कुठल्याच खणात नव्हतं. न बोललेलं यंत्राला कुठून सुचणार? त्यांना स्वतःला सुचलं नसतं आणि पडद्यावर आलं असतं तरी भीतीनं त्यांनी ते दाबलं नसतं.

शेवटच्या वाक्याला अर्धा तास लागला. प्रल्हादरावांच्या कपाळावर घाम आला होता. हर्षलनं एकदा “राहू द्या नाना, दमाल” म्हटलं, तर त्यांनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. ती जुनी नजर पाहून ज्योत्स्नाबाईंना बरंच वाटलं.

“तुझं मी झाकलं नाही. चुकलं.”

हर्षल खाली वाकला आणि त्यानं बापाच्या मांडीवर डोकं टेकलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, पण रडताना आवाज अगदी लहानपणचाच. प्रल्हादरावांचा डावा हात त्याच्या केसांत थरथरत राहिला. “नऊ वर्षं हेच सांगायचं होतं का?” त्यानं विचारलं. अंगठा त्याच्या डोक्यावर एकदा दाबला गेला.

ज्योत्स्नाबाई भिंतीशी उभ्या होत्या. आपण पोराला बापाजवळ आणलं हे खरं होतं, आणि बापाला नऊ वर्षं पोराशी बोलू दिलं नाही हेही तितकंच खरं होतं. दोन्हीतलं एकही त्यांना टाकता येत नव्हतं. त्या पुढे आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“आणि माझ्यावर? राग आहे ना?”

पडद्यावर तीन वाक्यं आली. पहिलं होतं, ‘असू दे गं.’ प्रल्हादरावांनी ते दाबलं नाही. बाकीची दोनही दाबली नाहीत. त्यांनी बाराखडी मागितली.

“आई, हे लांबणार,” हर्षल डोळे पुसत म्हणाला.

“लांबू दे,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढून पडद्यासमोर घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या अक्षराची वाट बघत बसल्या.